बटण दाबण्याआधी

रात्रीचे साडेअकरा. गोव्यातल्या पाळोळ्याच्या किनाऱ्याचं दक्षिण टोक. खडकांच्या वर बांधलेल्या मोकळ्या अंगणात दोन-तीनशे माणसं नाचताहेत आणि एकही स्पीकर चालू नाही. प्रत्येकाच्या कानांवर जाड गाद्यांचा हेडफोन आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दिवा. कुणाचा निळा, कुणाचा हिरवा, कुणाचा लाल. हेडफोनच्या कडेला एक बटण आहे. ते दाबलं की रंग बदलतो, रंगाबरोबर डीजे बदलतो आणि संगीताचा अख्खा बाजच बदलतो.

हा प्रकार इथे आला तो कायद्यामुळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावरचे लाउडस्पीकर बंद केले. सणासमारंभाच्या मोजक्या रात्रींना तेवढी सूट. मग स्पीकरच नाचणाऱ्याच्या कानात नेऊन बसवायचा, ही युक्ती काणकोणच्या या किनाऱ्यावर रुजली. माडांपलीकडच्या घरांत माणसं झोपली आहेत आणि इथे तीन डीजे एकाच वेळी वाजवताहेत. निळ्यावर हाउस आहे, हिरव्यावर सायट्रान्स आणि लालवर सगळ्यांना पाठ असलेली गाणी, म्हणजे मोठ्या मैदानांवरचं ईडीएम आणि मधूनमधून हिंदी रिमिक्स.

मला ही जागा फार मोलाची वाटते. एरवी माणसाची आवड त्याच्या तोंडून कळते, आणि तोंडाने माणूस चारचौघांत शोभेल तेच सांगतो. इथे आवड डोक्यावर दिव्यासारखी लागलेली असते. लपवायला जागाच नाही.

"ताई, तू अजून निळ्यावरच?" मावसभाऊ माझा एक कान मोकळा करून विचारतो. त्याचा हेडफोन गळ्यात आहे, कुठल्याच चॅनेलवर त्याचं मन नाही. तो पुण्याचा, पक्का टेक्नोवाला. निळ्यावर दीड वाजता टेक्नोचा डीजे येणार आहे, तोवर बसून राहायची त्याची तयारी आहे.

"मग कुठे जाऊ?"

"अगं, एक बाई एकच ओळ म्हणतेय. पियानोचे तेच चार कॉर्ड. किती वेळ तेच ते?"

मी हाउसवाली आहे. मिनिटाला १२४ च्या आसपास ठोके, दर मात्रेला किक, दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी, आणि दोन किकच्या बरोबर मध्ये उघडणारी हाय-हॅट. किक पाऊल खाली ठेवते आणि हाय-हॅट टाच उचलते. अंगाला इतकं पुरतं. त्यावर माणसाचा आवाज आला की माझं पोट भरतं. ती बाई एकच ओळ म्हणतेय हे खरं, पण तिच्याखालचा बास दर आठ आवर्तनांनी सरकतो आणि त्याच ओळीचा सूर आधी विनवणीचा होतो, मग हट्टाचा. नाचताना मला कुणाचा तरी आवाज सोबत लागतो. भावाला नेमका तोच खुपतो. त्याला वाटतं, आवाज आला की तो काय वाटावं ते सांगू लागतो आणि ऐकणाऱ्याला मोकळीक उरत नाही. यावर आमचं कधीच पटलेलं नाही.

समोर एक जोडपं नाचतंय. त्याचा दिवा निळा, तिचा हिरवा. हात हातात आहेत, डोळे एकमेकांवर आहेत, पण पावलं जुळत नाहीत. तो १२४ वर आहे, ती १४५ च्या घरात. फरक मिनिटाला एकवीस ठोक्यांचा, म्हणजे साधारण दर तीन सेकंदांनी दोघांचं पाऊल एकदम पडतं आणि लगेच पुन्हा सुटतं. ते दोघांनाही कळतंय. पाऊल जुळलं की दोघं हसतात. बटण मात्र कुणीच दाबत नाही.

अंगणाच्या मधोमध लाल दिव्यांचा मोठा घोळका आहे. कोल्हापूरची दहाबारा पोरं, कंपनीच्या सहलीला आलेली. गाण्याचं पहिलं अक्षर ऐकल्याबरोबर त्यांचे सगळे हात एकदम वर जातात.

"ही काय, वरातच," भाऊ म्हणतो. "हे संगीतच नाही."

पहिल्या वाक्याला मी काही बोलत नाही. दुसऱ्याला मात्र सोडत नाही, कारण त्या वाक्याचा इतिहास मला ठाऊक आहे आणि तो त्यालाही ठाऊक आहे. १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या कोमिस्की पार्कवर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांनी भरलेली पेटी स्फोटकांनी उडवली होती. हजारो माणसं मैदानात घुसली. इतकी नासधूस झाली की दुसरा सामना खेळवताच आला नाही. डिस्को हे संगीतच नाही, असंच तेव्हाही म्हटलं जात होतं. आणि डिस्को ज्यांनी घडवलं, ज्यांनी जपलं, त्यांत कृष्णवर्णीय होते, लॅटिनो होते, समलिंगी पुरुष होते. त्याच शहरात वेअरहाउस नावाच्या क्लबमध्ये फ्रँकी नकल्स १९७७ पासून याच मंडळींसाठी वाजवत होता. मैदानावर तबकड्या फुटल्या तरी त्याचं वाजवणं थांबलं नाही. त्याने डिस्कोलाच ड्रम मशीनची जोड दिली, गाणी लांबवली, आणि त्यातून हाउस उभं राहिलं. मी आत्ता जे ऐकतेय ते त्या क्लबातून आलंय.

"मी काही तबकड्या जाळायला निघालो नाहीये," तो जरा दुखावून म्हणतो.

"नाहीसच. पण आवडत नाही असं म्हण. संगीत नाही असं कशाला म्हणायचं? किती वेळ ऐकलंस लाल?"

"दहा सेकंद. पुरे झालं."

या अंगणातली एकच गोष्ट मला खटकते, ती हीच. बटण हाताशी असलं की माणूस दहा सेकंदांत निकाल देतो. आणि हे संगीत दहा सेकंदांत कळण्याजोगं नाही. १२८ च्या लयीत चार-चार मात्रांची बत्तीस आवर्तनं म्हणजे बरोबर एक मिनिट, आणि डीजे एका गाण्यातून दुसऱ्यात जायला एवढा वेळ सहज घेतो. त्याच्या एका वाक्याला मिनिट लागतं, आणि आपण पहिल्या शब्दालाच उठून जातो.

मग आमचं ठरतं. वीस मिनिटं तो लालवर, मी हिरव्यावर. बटणाला हात लावायचा नाही. नंतर दीड वाजता मी त्याच्या टेक्नोला तितकाच वेळ द्यायचा.

मी बटण दाबते. हिरवा.

पहिल्यांदा फक्त गर्दी ऐकू येते. किक पडते आणि तिच्या मागोमाग बासचे तीन टोचे, पुन्हा किक, पुन्हा तीन टोचे. एका मात्रेचे चारही भाग भरलेले. हाउसमध्ये टाच उचलायला जी फट असते ती इथे नाही. माझं अंग ती फट शोधत राहतं आणि दमतं. वर वळवळणारे, चिरकणारे, ओलसर आवाज. बोट बटणाकडे जातं, मी ते मागे घेते.

कठड्यावर आमचे ड्रायव्हरदादा बसलेत. ते मूळचे हणजुण्याचे. त्यांच्या गळ्यातला हेडफोन हिरवा आहे, पण तो त्यांनी कानाला लावलेला नाही.

"दादा, तुम्ही का नाही ऐकत? हे तर तुमच्या गावचं."

"बाय, हे कानात घालून ऐकायचं नसतं," ते म्हणतात. "माती हलायला हवी पायाखाली. छातीत यायला हवं."

ते सांगू लागतात. हणजुण्याच्या पार्ट्यांना त्यांची आई चटई टाकून बसायची. रॉकेलचा दिवा, स्टोव्ह, चहा, ऑम्लेट-पाव. गावातल्या किती तरी बायकांचा तो धंदा होता. मुलं चटईच्या कडेला झोपायची. "रात्रभर जे वाजायचं ना, ते भिववणारं असायचं. उजाडायला लागलं की बदलायचं. गोड व्हायचं. आई म्हणायची, उठ, आता गोड लागलंय, म्हणजे पाव संपणार."

मी हेडफोन पुन्हा कानांवर ओढते. या संगीताची घडण त्या रात्रींनीच केलीय. सान फ्रान्सिस्कोहून १९७० च्या सुमारास आलेला आणि २०२३ मध्ये वारलेला गोवा गिल, फ्रान्सचा लॉराँ आणि त्यांच्यासारखे डीजे इथे तबकड्या वापरायचे नाहीत, कारण ऊन आणि धूळ यांत तबकड्या टिकत नसत. आधी कॅसेट आणि नंतर डिजिटल टेप. युरोपातल्या इलेक्ट्रॉनिक गाण्यांतले शब्द कापून नुसते वाद्यांचे तुकडे ते टेपवर जोडायचे. टेपची गती तबकडीसारखी बोटाने जुळवता येत नाही. म्हणून पुढे गोवा ट्रान्सच्या रचनांची सुरुवात आणि शेवट ठेक्याविना, नुसत्या सुरांच्या पसाऱ्याचे होऊ लागले. एक टेप त्या पसाऱ्यात विरायची आणि दुसरी त्यातूनच उगवायची. रचना सात-आठ मिनिटांच्या, कारण घाई कुणालाच नव्हती. सूर्य उगवेपर्यंत जायचं होतं.

वीस मिनिटं संपत येतात तेव्हा मी फट शोधायचं थांबवलेलं असतं. खांदे सैल झालेत. वरचा चिरका आवाज दर आठ आवर्तनांनी एक वेढा घेतो आणि मला आता वेढ्याच्या जागा आधी कळताहेत. मला हे हाउसइतकं आवडत नाही. आवाज नाही, माणूस नाही, माझी सोबत नाही. पण दादा म्हणतात ते मला समजतं. हे संगीत रात्रीएवढं लांब आहे आणि मी त्याचा एक तुकडा कानात धरून उभी आहे. आपल्याकडे भैरवीची वेळ ठरलेली असते, मारव्याची ठरलेली असते, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. या संगीतालाही प्रहर आहे, आणि जागाही आहे. दुपारी बारा वाजता मोबाइलच्या स्पीकरवर ऐकून ट्रान्सला नावं ठेवणाऱ्याने अजून ट्रान्स ऐकलेलंच नसतं.

भाऊ लालवरून परततो. घामाघूम.

"काय?"

"ड्रॉप फार लवकर येतो," तो म्हणतो. "स्नेअर आधी चार, मग आठ, मग सोळा, दुप्पट-दुप्पट करत चढवतात. मग सगळं थांबतं आणि धाडकन येतं. दर दीड मिनिटाला हेच. मला वाट बघू देत नाहीत." तो जरा थांबतो. "पण एक आहे. त्यांना ते कधी येणार हे आधीच माहीत असतं. आणि माहीत असूनही सगळे एकदम उडी मारतात. त्या पोरांनी मला मध्ये ओढलं. एकटा उभाच राहता येत नाही तिथे."

संगीत नाही, हे तो पुन्हा म्हणत नाही. त्याला ते आवडलेलं नाही, आणि का नाही हे आता तो नेमकं सांगू शकतोय.

एकच्या सुमाराला निळ्यावर एक आवाज उठतो आणि आम्ही दोघंही एकदम वळतो. वाकडातिकडा, नाकातून काढल्यासारखा, वर चढत पिळवटणारा बास. टीबी-३०३. रोलंड कंपनीने हे यंत्र १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत काढलं, ते एकट्याने गिटार वाजवणाऱ्याला साथीला बास मिळावा म्हणून. बासगिटारसारखं ते मुळीच वाजेना. खपलं नाही, कंपनीने ते बंद केलं, जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागलं. शिकागोतल्या फ्युचर या चमूने त्याच्या खुंट्या वाजवता वाजवता पिळल्या. १९८७ ची त्यांची 'ॲसिड ट्रॅक्स' ही तबकडी आली आणि ॲसिड हाउस जन्माला आलं. पण त्याआधी, १९८२ मध्ये, हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी मुंबईत हेच यंत्र घेऊन दहा रागांची एक डिस्को तबकडी केली होती. भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस, सगळे दर मात्रेच्या किकवर. तेव्हा तिच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरचे ॲसिडवाले थक्क झाले.

मी हाताने खूण करते: निळा लावा, निळा. घोळक्यातल्या एका पोराचा दिवा निळा होतो. तो दोन आवर्तनं ऐकतो. मग दोन्ही हातांचे तळवे जोडून डोक्यावर फणा धरतो आणि गुडघ्यांवर बसत डोलायला लागतो. नागीण! दुसरा बटण दाबतो, तिसरा दाबतो. मिनिटाभरात अंगणाचा मधला भाग लालचा निळा झालाय आणि ॲसिड हाउसवर कोल्हापूरची पोरं फरशीवर लोळून नागीण करताहेत.

भाऊ आधी बघत राहतो, मग माझ्याकडे वळतो. "यांना बरोबर कळलंय गं."

कळणारच. १९५४ च्या 'नागिन' चित्रपटातली ती पुंगी खरी पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवर चालणाऱ्या छोट्या पेटीवर वाजवली होती. महाराष्ट्रातल्या लग्नांच्या वरातीत दोन पिढ्या ज्या आवाजावर फणा काढून नाचल्या, तो आवाज मुळातच इलेक्ट्रॉनिक होता. वरातीत नाचून मोठं झालेल्या पोरांच्या अंगाला ३०३ ची ओळख करून द्यावी लागत नाही. वरात हा शब्द भावाने तासाभरापूर्वी हिणवायला वापरला होता. आता तो स्वतः फणा धरून त्यांच्यात उतरलाय.

दीड वाजता निळ्यावरचा डीजे बदलतो आणि रंग फुटतात. हाउसवाले भराभर लालवर आणि हिरव्यावर पांगतात, कठड्यावर बसलेले पाचसहा जण उठून निळा दिवा लावतात. भाऊ त्यांच्यात आहे. ठरल्याप्रमाणे मी निळ्यावरच राहते.

टेक्नो मला आवडत नाही. पहिल्या मिनिटाला तरी तसंच वाटतं. जड किक, तिच्या खाली खर्जातली घरघर, वर एक धातूची टिकटिक. स्वर जवळजवळ नाहीतच. डेट्रॉइटजवळच्या बेलव्हिलमध्ये शाळेत भेटलेल्या तीन कृष्णवर्णीय मुलांनी, हुआन ॲटकिन्स, डेरिक मे आणि केविन सॉंडरसन यांनी, हे संगीत मोटारींचे कारखाने ओस पडत चाललेल्या त्या शहरात घडवलं. १९८८ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या एका संकलनाने ते जगभर पोहोचवलं. त्यांचं टेक्नो आत्ता वाजतंय त्यापेक्षा पुष्कळ सुरेल होतं. आत्ताचं सोलून सोलून गाभ्यापर्यंत आणलेलं आहे.

मी डोळे मिटते आणि फक्त त्या टिकटिकीवर कान ठेवते. पाचव्या-सहाव्या मिनिटाला लक्षात येतं की ती हलतेय. प्रत्येक आवर्तनात केसभर पुढे, केसभर उघडी. कुणीतरी एक खुंटी इतकी हळू फिरवतंय की फिरताना ती कळत नाही, फिरून झाल्यावर कळते. मग अचानक किक काढून घेतली जाते. नुसती टिकटिक आणि घरघर. आठ आवर्तनं. सोळा. लालवर एव्हाना तीनदा धाडकन झालं असतं. इथे कुणी सांगत नाही ती परत कधी येणार. निळे दिवे जवळजवळ स्थिर झालेत, सगळे खाली बघताहेत. चोविसाव्या आवर्तनाला किक येते, गाजावाजा न करता, आणि साऱ्या माना एकदम खाली जातात.

मला अजूनही आवाज हवा आहे. पण भाऊ ज्याला मोकळीक म्हणतो ती या चोवीस आवर्तनांत आहे. तेवढ्या वेळात मला काय वाटावं हे कुणीच सांगितलेलं नाही.

चारच्या सुमाराला दिवे विझतात. हेडफोन परत करायचे, अनामत रक्कम घ्यायची, गल्लीतून गाडीपर्यंत चालायचं. मडगावला जायचंय. गाडीत मात्र तीन चॅनेल नाहीत, एकच आहे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघतो.

"दादा, तुमचं लावा," भाऊच म्हणतो. "डिकीत सबवूफर आहे ना?"

करमळ घाट लागेपर्यंत मागची सीट पाठीला ठोके देतेय. कानात जे नुसतं टोचत होतं ते आता बरगड्यांत येतंय. दादा आरशातून बघतात: बघा, म्हटलं नव्हतं?

"पटलं," भाऊ म्हणतो. "पण हे वरचे आवाज फार आहेत. ते काढले आणि नुसता बास ठेवला, तर हे टेक्नो होईल."

"मग उजाडताना काय गोड करणार?" दादा विचारतात.

"आणि त्या टिकटिकीच्या जागी एक बाई गायली असती," मी म्हणते, "तर चोवीस आवर्तनं मी आणखी थांबले असते."

"मग ती चोवीस राहिलीच नसती ताई! आवाज आला की तू शब्दांची वाट बघतेस, किकची नाही."

"शब्द संपल्यावर किक आली तर दोन्हींची बघता येते."

"एक तरी रचना दाखव तशी."

मी मोबाइल काढते. मडगाव यायला अजून बराच वेळ आहे, आणि एकमत होईल असं काही दिसत नाही. ते व्हावं असं मला वाटतही नाही. तिघांची आवड एक झाली तर तीन डीजे कशाला हवेत? मला हवा आहे तो हा वाद, ज्यात प्रत्येकाला दुसऱ्याच्या संगीतातली किक कुठे पडते हे माहीत आहे. 'सगळं सारखंच वाटतं' असं म्हणणाऱ्याशी वाद घालता येत नाही, त्याच्याशी फक्त भांडता येतं. 'चोविसाव्या आवर्तनाला का, सोळाव्याला का नाही' असं विचारणाऱ्याशी रात्रभर बोलता येतं.

"हे ऐक," मी म्हणते. "पण पूर्ण ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही."

"किती मिनिटांचं आहे?"

"नऊ."

"लाव," तो म्हणतो, आणि दादा आवाज वाढवतात.